स्वभावाला कुंपण

तुम्हा दोघांना नोकऱ्या लागल्या, पगार सुरू झाले आणि वहिनीने मला फर्मान सोडलं, "वन्सं, पोरांना पैशाच्या चार गोष्टी तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाहीत." कुठला फंड घ्यावा, कुठला शेअर वर जाईल, ते मला विचारू नका. ते सांगणारे मोबाइलवर पैशाला पासरी मिळतात. माझी उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, सांगली-कोल्हापूरकडच्या शाखांमध्ये. माझ्या टेबलासमोर डॉक्टर बसले, प्राध्यापक बसले, वडापवाले बसले, डेअरीला दूध घालणाऱ्या बाया बसल्या. कर्ज मागताना सगळे सारखेच गोड बोलतात. फेडायची वेळ आली की ज्याचा त्याचा स्वभाव बाहेर पडतो.

हुशारीने पैसा येतो. आलेला पैसा राहतो की जातो, ते बरंचसं स्वभावावर ठरतं. स्वभावाला औषध नाही असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी खरं आहे. पण त्याला कुंपण घालता येतं. खाली लिहिलेलं सगळं त्या कुंपणाबद्दल आहे.

१. हुशारीला तिच्या वाट्याचंच श्रेय द्या

तुम्ही दोघंही पहिल्या पाचांत येणारी पोरं. त्या हुशारीने तुम्हाला चांगल्या नोकऱ्या दिल्या, हे कबूलच. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाच्या जे झॅगोर्स्की यांनी २००७ साली सात हजारांवर माणसांची माहिती तपासली. त्यात बुद्ध्यंकाच्या एकेका गुणामागे वर्षाचं उत्पन्न साधारण दोनशे ते सहाशे डॉलरांनी जास्त दिसलं. मग त्यांनी शिल्लक संपत्ती पाहिली, म्हणजे घर, ठेवी, गुंतवणूक यांतून कर्ज वजा जाता उरणारी रक्कम. शिक्षण, उत्पन्न, वय वगैरे बाकीच्या गोष्टी हिशेबात धरल्यावर तिचा बुद्ध्यंकाशी म्हणावा असा संबंधच उरला नाही. कार्डाची मर्यादा संपवणाऱ्यांत आणि बिलं थकवणाऱ्यांतही हुशार माणसं होतीच.

मला याचं नवल वाटलं नाही. पगारदाराचं कर्जप्रकरण आलं की मी आधी सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागायची. लोकांना वाटतं, बँक पगार बघते. पगार बघतेच, पण माझी नजर वीस तारखेच्या शिल्लकीवर असायची. एक तारखेला भरभक्कम पगार जमा. तीनला कार्डाचं बिल, पाचला गाडीचा हप्ता, सातला भाडं. मग हजार-पाचशे काढत काढत पंधरवड्यात खातं शे-दोनशेवर आलेलं, आणि पुढे एखादा हप्ता परत जाऊन त्याचा दंड पडलेला. खातेदार कोण, तर मोठ्या कंपनीतला इंजिनिअर. त्याच दिवशी मंडईत भाजी विकणाऱ्या बाईचं पासबुक समोर यायचं. रकमा बारक्या, पण खात्याने तळ कधी पाहिलेला नाही. कर्ज कुणाला बिनघोर द्यावं, हे सांगायला मला कुणाची गुणपत्रिका लागली नाही.

२. हात पोचायच्या आत पैसा दूर करा

ती भाजीवाली काही संतमहंत नव्हती. तिच्याकडे रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा, एवढंच. ही पिग्मी सिंडिकेट बँकेने १९२८ साली काढली, तेव्हा बँक उडुपीला होती आणि तिचं नावही वेगळं होतं. रोजचे दोन आणे, आणि ते न्यायला बँकेचा माणूस दारात. आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती पुढे गावोगाव नेली. खरी अक्कल त्या 'दारात'मध्ये आहे. बचत करायची की नाही, हा प्रश्न रोज नव्याने मनाला विचारायचाच नाही. माणूस येतो, पैसे घेतो, वहीवर सही होते.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा माग तिथल्या संशोधकांनी अनेक वर्षं ठेवला. लहानपणी ज्यांना मन आवरता यायचं, ती बत्तीस वर्षांची झाली तेव्हा पैशाअडक्याच्या बाबतीत जास्त सावरलेली निघाली. बुद्ध्यंक आणि घरची परिस्थिती वेगळी काढूनही हा फरक उरला. वाढत्या वयात ज्यांचा संयम सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्यही अपेक्षेपेक्षा बरं गेलं, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे संयम नाही म्हणून कपाळाला हात लावून बसायचं कारण नाही. पण तो अंगी येईपर्यंत थांबायचंही कारण नाही.

पगार एक तारखेला होत असेल तर दोन तारखेचा ऑटो-डेबिट लावा. आरडी, पीपीएफ, एसआयपी, काहीही चालेल. खर्चून उरलं ते शिलकीत टाकू म्हणणाऱ्यांचं कधी काही उरलेलं मी पाहिलं नाही. महिन्याला ५,००० रुपये, समजा ८ टक्क्यांनी वाढले, तर तीस वर्षांत साधारण साडेचौऱ्याहत्तर लाख होतात. दहा वर्षं उशिरा सुरू केलं, तर वीस वर्षांत साडेएकोणतीस लाखांच्या आतच राहतात. भरलेल्या रकमेत फरक सहा लाखांचा, हाती येणाऱ्या रकमेत पंचेचाळीस लाखांचा. हे गणित सातवीतल्या पोरालाही येतं. करतं कोण, ते महत्त्वाचं.

३. अति शहाणा त्याचा बैल रिकामा

हा कानमंत्र खास थोरल्यासाठी. तू दुपारच्या सुट्टीत ऑप्शन खेळतोस, हे मला तुझ्या आईने सांगितलेलं नाही. गणपतीत जेवायला बसला होतास, तेव्हा तुझा डोळा ताटात कमी आणि मोबाइलवर जास्त होता, त्यावरून कळलं.

तुझ्या डोक्याबद्दल शंका नाही. पण न्यूटनच्या डोक्याबद्दलही कुणाला शंका नव्हती. तो इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख होता, म्हणजे पैशाचा त्याला रोजचा परिचय. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये तो आधी नफा घेऊन बाहेर पडला. भाव वाढतच राहिले, लोक श्रीमंत होताना दिसले, आणि तो चढ्या भावाने परत आत शिरला. मग कंपनीचा फुगा फुटला आणि त्याचे बरेच पैसे त्यात बुडाले. अगदी अलीकडचं सांगायचं, तर रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना १९९७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही ऑप्शनची किंमत कशी काढावी यासाठीच. ज्या फंडात ते दोघे भागीदार होते, तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट पुढच्याच वर्षी गाळात गेला. बाकीचा बाजार कोसळू नये म्हणून बड्या बँकांना एकत्र येऊन ३६० कोटी डॉलर ओतावे लागले.

हुशार माणसाची पंचाईत अशी की स्वतःला पटवणारं कारण त्याला पटकन सापडतं. तोट्यातला सौदा का धरून ठेवायचा, यावर तो तासभर बोलू शकतो. आपल्या सेबीने २०२४ साली वायदेबाजारातल्या सामान्य गुंतवणूकदारांचा तीन वर्षांचा हिशेब मांडला. शंभरातले ९३ जण तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला होता. त्यात इंजिनिअर नसतील असं तुला वाटतं का? अमेरिकेत बार्बर आणि ओडीन यांनी ६६,४६५ घरांची १९९१ ते ९६ मधली शेअरखाती तपासली होती. सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले. बाजार मात्र त्याच काळात १७.९ टक्क्यांनी वाढला होता. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात बायकांपेक्षा पुरुष ४५ टक्के जास्त उलाढाल करताना आणि त्यापायी जास्त नुकसान सोसताना दिसले.

तुला शेअर घेऊ नको म्हणत नाही. खेळायचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, एकूण बचतीच्या पाच टक्क्यांवर नकोत. ते संपले तर त्या वर्षीचा खेळ संपला, दुसऱ्या खात्यातून भर घालायची नाही. प्रत्येक खरेदीआधी वहीत दोन ओळी लिही: का घेतोय, आणि काय झालं तर विकणार. लिहायचा कंटाळा आला तर घेऊच नकोस.

४. भीड भिकेची बहीण

हा धाकटीसाठी. तुझा स्वभाव गोड, कुणाला 'नाही' म्हणवत नाही. अशी माणसं घराला हवीहवीशी असतात आणि वसुली विभागाला चांगली माहीत असतात. कारण जामीनदार म्हणून सही करणारे बहुतेक तुझ्यासारखेच. "नुसती सही तर करायचीय" म्हणून मित्राने बोलावलेलं असतं. बँकेत चहा होतो, न वाचता चार कागदांवर सह्या होतात. तीन वर्षांनी घरी नोटीस येते, तेव्हा बायकोला पहिल्यांदा कळतं. मग ती दोघं माझ्यासमोर बसायची आणि तो म्हणायचा, "पण मॅडम, पैसे मी घेतलेच नाहीत." १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेला आधी कर्जदाराच्या मागे धावण्याची सक्ती नाही. ज्याचा पगार सुरू, त्याला नोटीस आधी.

सँड्रा मॅट्झ आणि जो ग्लॅडस्टोन यांनी २०१८ साली हेच आकड्यांत दाखवलं. पडतं घेणाऱ्या माणसांची बचत कमी आणि कर्जं जास्त. ही माणसं घासाघीस करत नाहीत म्हणून असं होत असेल, हा अंदाज तिथे टिकला नाही. त्यांना पैशाचं फारसं महत्त्वच वाटत नाही, हे कारण निघालं. ज्यांची मिळकत तोकडी, त्यांना हा स्वभाव जास्त महाग पडतो, हेही त्यात आलं.

म्हणून चार वाक्यं पाठ करून ठेव, ऐनवेळी सुचत नाहीत. "आमच्या घरात कुणी जामीन राहत नाही, आत्याने शपथ घातलीय." खुशाल माझं नाव सांग, मला वाईटपणा घ्यायची सवय आहे. "उद्या सांगते," हे दुसरं. तिसरं, "एवढे नाहीत, पण इतके देऊ शकते," आणि जी रक्कम परत आली नाही तरी नातं राहील, तेवढीच सांग. चौथं ऑफिसातल्या साहेबासाठी: "माझ्या कामाच्या मानाने ही वाढ कमी आहे, आपण यावर बोलू या का?" हे शेवटचं म्हणायला जीभ अडखळते, म्हणून आरशासमोर म्हणून बघ.

५. ओढगस्तीत अक्कल गहाण पडते

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणाच्या हाती पैसा नाही म्हणून त्याला बिनडोक म्हणायचं नाही. माझ्यासमोर नाही आणि मागेही नाही.

उसाच्या पट्ट्यात नोकरी केलेल्या माणसाला हे निराळं सांगावं लागत नाही. बिल जमा व्हायच्या आधी एखादा शेतकरी यायचा. फॉर्मवर खाडाखोड, तारीख चुकलेली, सांगितलेलं अर्धं डोक्यात शिरायचं नाही, सोनेतारणाचा दर न विचारताच सही करायला तयार. कारखान्याचं बिल जमा झालं की तोच माणूस यायचा आणि व्याजातला दहा रुपयांचा फरक तोंडी हिशेबाने काढून दाखवायचा. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर सेंधिल मुल्लैनाथन, आनंदी मणी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं आणि २०१३ साली 'सायन्स'मध्ये छापलं. त्याच शेतकऱ्यांची तोडणीच्या आधी आणि नंतर बुद्धीची चाचणी घेतली. आधी गुण कमी, नंतर जास्त. शिक्षण तेच, मेंदू तोच. बदलला होता तो घोर.

यातून तुम्ही घ्यायचं ते असं. पैशाची तंगी असताना घेतलेला निर्णय तुमच्या पूर्ण हुशारीने घेतलेला नसतो. म्हणून तशी वेळच कमीत कमी यावी याची तजवीज आधी करा. सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत किंवा बचत खात्यात, लगेच काढता येईल असा. त्यावर जास्त व्याज मिळवायचा नाद नको. त्यानंतर आरोग्य विमा, कंपनीने दिला असला तरी स्वतःचा वेगळा, कारण नोकरी गेली की कंपनीचाही जातो. कुणी तुमच्या कमाईवर अवलंबून असेल तर साधा टर्म विमा. गुंतवणूक या तिन्हींच्या नंतर. आणि मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचा धंदाच तुमच्या घाबरलेल्या पाच मिनिटांवर चालतो.

६. तारीख पाळा

सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. त्यात तुमची पदवी धरत नाहीत, पगार धरत नाहीत, ठेवीही धरत नाहीत. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची मर्यादा किती वापरली, नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, असं तुमचं वागणं तेवढं मोजतात. घरकर्जाला गेलात की पाव-अर्ध्या टक्क्याचा फरक या आकड्यावर पडू शकतो, आणि वीस वर्षांच्या कर्जावर तो लाखांत जातो.

कार्ड वापरा, पण बिल पूर्ण भरा. बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून जी छोटी रक्कम दिसते, ती भरून सुटका होत नाही. उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या आसपास. शिवाय नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. पूर्ण भरणं जमत नसेल तर कार्ड घरी कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली वहिनीकडे.

७. स्वभावाला साजेसं काम शोधा, आणि उपकार विसरू नका

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंगांमधला फरक डोळ्यांना नीट कळेना. मग यंत्रांकडे वळले, व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवलं, तिथे बढती डावलली गेल्यावर बेळगावला येऊन सायकलींच्या धंद्यात पडले. लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. एखादा हुशार माणूस इथे दुसऱ्या कामाला लागला असता. त्यांनी नांगर सुधारत नेला आणि खपेपर्यंत दम धरला. पुढे जागेची अडचण आली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यात बुद्धी आहे, चिकाटी आहे, आणि औंधच्या राजाचा हातही आहे. तिघांपैकी एक काढा, मग काय उरतं बघा. तुम्हालाही फुकट मिळालेलं पुष्कळ आहे: कर्ज न काढता झालेलं शिक्षण, पुण्यात राहायला मामाचं घर, आईवडिलांची पेन्शन. दोन-चार वर्षांत पैसा दिसायला लागला की ही यादी आठवा. ती विसरली की माणूस आपलं सगळं यश डोक्याच्या नावावर लिहितो, आणि तिथून त्याचे निर्णय चुकायला लागतात.

८. पत्रिका बघा, पासबुकही बघा

लग्नाचं वय झालंय म्हणून सांगते, लाजू नका. ऑस्ट्रेलियातल्या हजारो विवाहितांच्या माहितीवरून २०१४ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की जोडीदार नेटका, जबाबदारीने वागणारा असेल, तर त्याचा फायदा आपल्या नोकरीत होतो, पगारातसुद्धा. घरची घडी बसलेली असली की बाहेरच्या कामाला डोकं मोकळं राहतं, हे तुमच्या आजीलाही ठाऊक होतं.

छत्तीस गुण जुळवायचे तर जुळवा. पण साखरपुड्याच्या आधी दोघांनी बसून चार प्रश्न एकमेकांना विचारा. कर्ज किती आहे? घरी दरमहा किती पाठवावे लागतात? लग्नावर किती खर्च करायचा, आणि तो कर्ज काढून तर नाही ना? शिल्लक कुणाच्या नावावर राहणार? जो या प्रश्नांनी दुखावतो, तो पुढे हप्त्यांनीही दुखावेल. एक उधळ्या आणि एक काटकसरी अशी जोडी पडली तरी घाबरू नका. हिशेब काटकसऱ्याकडे द्या आणि उधळ्याला दरमहा ठरलेली रक्कम द्या, जिच्याबद्दल त्याला कुणी विचारणार नाही. ती मिळाली की चोरून खर्च करण्याची गरज उरत नाही.

आता कामाचं बोलू. थोरल्याने या महिन्यात ऑप्शनचं खातं वेगळं करायचं आणि वही आणायची. धाकटीने मैत्रिणीला दिलेले पैसे एकदा स्पष्ट शब्दांत मागायचे, आले तर बरं, नाही आले तर त्यांची आशा आणि पुढची उधारी दोन्ही बंद. दोघांनीही दोन तारखेचा ऑटो-डेबिट लावायचा आणि लावल्याचा स्क्रीनशॉट मला पाठवायचा. नुसतं "हो आत्या, लावते, लावतो" मी धरणार नाही. असं "हो" मी नोकरीभर ऐकत आले, आणि त्यावर कधी कर्ज मंजूर केलं नाही.